सहा इंच जास्त

देवळाली कॅम्पात, मोठ्या रस्त्यापासून आत,
पाटीवर अजून पुसट : हॉथॉर्न लॉज.
गाव त्याला हातोडी बंगला म्हणतं.
रिक्षावाल्यालाही हातोडीच सांगावं लागतं.

आम्ही दोघं मोजायला आलो आहोत.
फीत धरायला मोईन, लिहायला मी.
पाडायचा की ठेवायचा, ते ठरवणारे वेगळे;
त्यांना फक्त आकडे हवेत, आठवड्याच्या आत.

नकाशा मिळाला तो कापडावर चिकटवलेला,
विलायतेहून बोटीनं आलेला, घड्यांवर फाटका.
इथला वैशाख न पाहता ज्यानं तो काढला
त्यानं दिवाणखाना दक्षिणेला ठेवला होता,
कारण त्याच्या मुलखात ऊन
पाहुण्यासारखं बोलावून आणावं लागतं.
भटारखाना, कोठी, दूध ठेवायची खोली उत्तरेला.
छपराला उतार, बर्फ घसरावा म्हणून.
धुरांडी चार.

पहिल्याच सकाळी पायरीवर होकायंत्र ठेवलं
आणि काटा भलतीकडे गेला.
मी यंत्र बदलून पाहिलं. मोईननं फोन काढला.
सबंध घर पाठ फिरवून उभं होतं :
दिवाणखाना उत्तरेच्या गार उजेडात,
भटारखाना भर उन्हात.

"कचरू पाथरवटानं कागद उलटा धरला,"
पुंजाबाई म्हणाली, चाव्यांचा जुडगा मांडीवर घेऊन.
"अक्षर कुठं येत होतं त्याला!
साहेब बघायला आला तवर जोतं कमरेइतकं झालेलं."
ही गोष्ट ती सगळ्यांनाच सांगते.
या ठिकाणी लोक हसतात, तिला माहीत आहे;
ती तेवढं थांबते.

आम्हीही हसलो.

मग चार दिवस नुसता दगड.
काळा, पांडवलेण्यांच्या जातीचा,
दर्शनी बाजूला घोटलेला, मागे टाकीचे घाव तसेच.
घाणीत मळलेला चुना अजून नखाला दाद देत नाही.
टोकदार कमानी, एकीच्या माथ्यावर हॉथॉर्नची डहाळी;
कोरणाऱ्यानं ते झाड कधी पाहिलं नव्हतं,
त्यानं बाभळीचे काटे घातलेत.
खिडक्यांच्या छावणीखाली बोटभर खाच,
पाणी भिंतीला न लागता सुटावं म्हणून.
नकाशात ती नाही.

पण घर फिरवलं की एक अडचण होते.
पूर्वेची निजायची खोली जाते पश्चिमेला,
घाटाकडून आषाढ येतो त्याच्या तोंडावर.
ही मात्र चूकच, असं मी लिहायला घेतलं.
खिडकीच्या गाळ्यात फीत लावून मोईन म्हणाला,
सत्तावीस.
पुन्हा लाव.
सत्तावीसच, ताई.
बाकी सगळीकडे एकवीस. कागदावरही एकवीस.

सहा इंच दगड
कोणी चुकून रचत नाही.
सहा इंच म्हणजे खाणीवरून पंधरा गाड्या जास्त,
बैलांची वैरण, वडारांची मजुरी, चुना,
आणि साहेबाच्या वहीत ते सगळं कुठंतरी जिरवणं.
आणि पायापासून. म्हणजे
जोतं कमरेला यायच्या पुष्कळ आधी.

पुंजाबाईला सांगितलं. तिनं भिंतीकडे पाहिलं नाही.
"मग बोलला का नाही तो?"
एवढंच म्हणाली,
आणि भटारखान्याच्या उन्हात घातलेल्या
सांडग्यांवरची माशी हाकलली.

अहवालात रकाने आहेत :
भिंत, दिशा, जाडी, साहित्य, स्थिती.
मी सत्तावीस लिहिलं, शाईनं.
शेरा हा रकाना शेवटी, अरुंद.
त्यात 'नकाशाशी जुळत नाही' एवढं मावतं.
कचरू मावत नाही.

संध्याकाळी निघताना पाहिलं तर
मोईन त्या भिंतीला पाठ टेकून उभा.
अजून गरम आहे, म्हणाला,
आणि फीत गुंडाळायला लागला.